दोन प्रकारची वजने

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २०:१०, २ शमुवेल १२:१-१३

बऱ्हाणपूरच्या बाजारात कोणी घेताना एक व देताना दुसरे वजन वापरले, तर आपण त्याला लबाड म्हणतो. परमेश्वरालाही अशा वजनांचा वीट आहे. पण माणसे तोलताना आपण काय करतो?

१९८२ साली शेजारच्या महाराष्ट्रात उच्च न्यायालयाच्या निकालानंतर काँग्रेसचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांना पद सोडावे लागले. २००१ साली भाजपचे अध्यक्ष बंगारू लक्ष्मण छुप्या कॅमेऱ्यासमोर पैसे घेताना दिसले व त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही वेळी आपण एकच शब्द वापरला काय? की एकाला ‘चोर’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘बिचारा फसला’? आम्हीही यातून सुटलो नाही.

नाथानाच्या गोष्टीतील श्रीमंताला दावीदाने मरणदंडास पात्र ठरवले. तो मनुष्य आपणच, हे कळल्यावर मात्र त्याने वजन बदलले नाही. पाप कबूल केले.

मंडळीच्या कमिटीत आपल्या गटातील माणसाचा हिशेब चुकला, की आपण गप्प बसतो. सुधारणेचा आरंभ तेथूनच व्हावा.

शिक्षकांसाठी प्रश्न : परीक्षेत मित्राने कॉपी केली आणि नावडत्या मुलानेही केली, तर दोघांविषयी आपण सारखेच बोलू काय?

प्रभू आपणांस एकच वजन वापरण्याचे धैर्य देवो.