अक्षरांची स्मृतिगळती

खिळ्यांच्या छापखान्यात फर्मा छापून झाला की जुळारी खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकीत असे. हे काम राहिले की खण रिकामे पडत आणि पुढची जुळणी अडे. संगणकातील अशाच चुकीला ‘मेमरी लीक’ म्हणतात. आपण तिला स्मृतिगळती म्हणू. शब्द थोडा फसवा आहे. गळून काहीच जात नाही, उलट साचत राहते.

गेल्या स्नेहसंमेलनाआधी प्रमाणपत्रांवर नावे छापण्यासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहिला. जोडाक्षरांची जुळणी ‘हार्फबझ’ करी, अक्षराचे चित्र ‘फ्रीटाइप’ काढी. पहिली शंभर प्रमाणपत्रे झपाट्याने निघाली, पुढे वेग मंदावला आणि तीनशेच्या सुमारास संगणक ठप्प झाला. “सर, मराठी फाँटच जड आहे. नावे रोमनमध्ये छापू या का?” त्याने विचारले. मला ते मानवले नाही.

पण त्याची शंका अगदीच निराधार नव्हती. देवनागरीत आकृत्या पुष्कळ, आणि एकदा लागलेली माहिती पुन्हा लागेल म्हणून अशा प्रणाली काही साठा मुद्दाम जवळ ठेवतात. तेव्हा वाढणारी स्मृती हा साठा की गळती, हे आधी ठरवायला हवे. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील सोळा तालुक्यांची नावे घेतली. ‘दिग्रस’मधला ग्र, ‘दारव्हा’तला व्ह, ‘आर्णी’चा रफार, सारे पहिल्याच फेरीत येऊन जाते. दुसऱ्या फेरीत नवे काही नाही, म्हणजे स्मृतीही वाढायला नको. शंभर फेऱ्या केल्या, दर दहा फेऱ्यांनी आकडा टिपला. तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा सारखा चढत गेला. मग तीच नावे रोमनमध्ये दिली. तोच जिना! फाँट निर्दोष सुटला.

आता हिशेब पाहा. छपाईसाठी २०० बाय २०० बिंदूंची एक आकृती म्हणजे ४०,००० बाइट. एका प्रमाणपत्रावर अशा सुमारे ३०० आकृत्या, म्हणजे १ कोटी २० लाख. तीनशे प्रमाणपत्रांना ३६० कोटी. आमच्या संगणकाची सारी स्मृती चार जीबी.

चोर सापडला तो ‘व्हॅलग्रिंड’मुळे. घेतलेली पण परत न दिलेली स्मृती कोणत्या ओळीत घेतली, हे ते दाखविते. फ्रीटाइपची स्वतःची एक जागा असते. तिथे पुढचे अक्षर आधीच्यावर लिहिले जाते, ती आपण सोडवायची नसते. मात्र ‘एफटी गेट ग्लिफ’ने घेतलेली प्रत आपली, ती ‘एफटी डन ग्लिफ’ने परत करावी लागते. विद्यार्थ्याने दोन्ही एकच समजली होती.

एक ओळ वाढविली आणि फेऱ्या पुन्हा चालविल्या. दहाव्या फेरीतल्या ‘झरी-जामणी’ला जो आकडा, तोच शंभराव्या फेरीत. रात्री साडेअकराला शेवटचे प्रमाणपत्र निघाले, मराठीत.