बेटराष्ट्रे आणि खोल समुद्रातील खनिजे : धोरणापुढील प्रश्न

२६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ या भारतीय संशोधन नौकेने हिंदी महासागराच्या तळावरून काळसर रंगाचे काही गोटे वर काढले. गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या या शोधकार्याचे फळ म्हणून १९८७ साली भारताला मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र संशोधनासाठी मिळाले. पुढे त्यातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताकडे राहिले. भारतासारख्या मोठ्या देशापाशी शास्त्रज्ञ आहेत, नौका आहेत आणि घाई न करता वाट पाहण्याची ऐपतही आहे. परंतु प्रशांत महासागरातील ज्या बेटराष्ट्रांची लोकसंख्या आपल्याकडील एखाद्या लहानशा शहराएवढी आहे, त्यांच्यापुढेही आज हाच प्रश्न उभा आहे. समुद्रतळाची संपत्ती काढावयाची की नाही, काढावयाची तर कोणत्या अटींवर, आणि नुकसान झाल्यास ते कोणी सोसावयाचे, याचा निर्णय या राष्ट्रांना घ्यावयाचा आहे. त्यांचा आजवरचा अनुभव समजून घेणे उद्बोधक ठरेल.

समुद्रतळाशी काय आहे?

चार ते सहा हजार मीटर खोलीवर, जेथे सूर्याचा किरणही पोहोचत नाही, तेथील मऊ गाळावर बटाट्याच्या आकाराचे हे गोटे विखुरलेले असतात. शास्त्रज्ञ त्यांना नोड्यूल म्हणतात. एखादा शार्कचा दात किंवा खडकाचा कण यांभोवती पाण्यातील धातूंचे थर अत्यंत मंद गतीने साचत जातात. दहा लाख वर्षांत गोट्याची वाढ होते ती केवळ काही मिलिमीटर. त्यात मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातू आढळतात. १८७२ ते १८७६ या काळात जगप्रवास करणाऱ्या ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश नौकेने ते प्रथम वर आणले. याखेरीज समुद्रातील उष्ण झऱ्यांजवळ साचलेली तांबे व सोने यांनी युक्त अशी गंधकमिश्रित खनिजे, तसेच बुडालेल्या पर्वतांवरील कोबाल्टयुक्त कवच असे आणखी दोन प्रकार आहेत. विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी निकेल व कोबाल्ट यांची मागणी वाढल्यामुळे अलीकडे या साठ्यांकडे पुन्हा लक्ष वळले आहे.

गोटे काढण्याची योजना सांगावयास सोपी आहे. तळावर फिरणारे यंत्र गाळाच्या वरच्या थरासह गोटे गोळा करते, लांब नळीतून ते नौकेवर येतात आणि उरलेले गढूळ पाणी पुन्हा समुद्रात सोडले जाते. अडचण येथेच सुरू होते. गोट्यांना चिकटून राहणारे जीव गोट्यांबरोबरच नष्ट होतात आणि उडालेला गाळ दूरवर पसरतो. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरू देशासमोरील समुद्रात चार हजार मीटरहून अधिक खोलीवर तळ नांगरून पाहिला. २०१५ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी, त्याची पाहणी केली असता नांगराचे चर जवळजवळ तसेच होते. दोना पावला येथील संस्थेनेही १९९७ साली मध्य हिंदी महासागरात तळ ढवळून असाच अभ्यास केला होता. जमिनीवरील खाणीच्या खड्ड्यात काही वर्षांत गवत तरी उगवते. समुद्रतळाची जखम भरण्यास किती काळ लागेल, हे सांगणे कठीण आहे.

कायद्याची चौकट

१९६७ साली माल्टा या बेटराष्ट्राचे प्रतिनिधी आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रसंघात असा विचार मांडला की, राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. १९८२ च्या सागरी कायदाविषयक करारात हे तत्त्व स्वीकारले गेले आणि १९९४ साली तो करार अंमलात आला. त्यानुसार समुद्रतळाचे दोन भाग पडतात. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रातील खनिजांवर त्या त्या राष्ट्राचा हक्क असतो. त्यापलीकडील तळाचा कारभार जमैकातील किंग्स्टन येथील आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण पाहते. तेथे खाजगी कंपनीला काम करावयाचे असल्यास एखाद्या सदस्य राष्ट्राने तिचे पुरस्कर्ते होऊन जबाबदारी स्वीकारावी लागते.

या व्यवस्थेमुळे लहान बेटांना मोठे महत्त्व आले. कुक बेटांचेच उदाहरण घेतले तर पंधरा बेटांची एकूण जमीन सुमारे २४० चौरस किलोमीटर, पण त्यांच्या वाट्याचा समुद्र जवळजवळ वीस लाख चौरस किलोमीटर आहे. समुद्र विशाल आणि तो सांभाळणारे शासन लहान, हीच या राष्ट्रांची मूळ अडचण होय.

नौरू : एकदा पोळलेले बेट

नौरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथील फॉस्फेट खणून परदेशी शेतांना खत म्हणून पाठविण्यात आले. १९६८ साली स्वातंत्र्य मिळाल्यावर खाणींचे उत्पन्न नौरूच्या हाती आले आणि काही वर्षे तेथील दरडोई उत्पन्न जगातील अग्रगण्य देशांच्या बरोबरीचे होते. भावी पिढ्यांसाठी निधीही उभारण्यात आला. परंतु विमान कंपनी, परदेशांतील मालमत्ता, लंडनमधील एक संगीत नाटक अशा व्यवहारांत आणि वाढत्या शासकीय खर्चात तो विरून गेला. मेलबर्न येथील ५२ मजली ‘नौरू हाउस’ २००४ साली विकावे लागले. बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग खाणकामाने उजाड झालेला आहे.

याच नौरूने पुढे एका खाजगी कंपनीचे पुरस्कर्ते होऊन हवाई बेटे आणि मेक्सिको यांच्या दरम्यानच्या क्षेत्रात गोट्यांच्या संशोधनासाठी अर्ज केला. तथापि कंपनीकडून हानी झाली तर एवढ्याशा राष्ट्राने भरपाई कोठून द्यावयाची, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. तो आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे सल्ल्यासाठी नेण्यात आला. १ फेब्रुवारी २०११ रोजी न्यायाधिकरणाने मत दिले की, पुरस्कर्ते राष्ट्र कंपनीच्या प्रत्येक चुकीला आपोआप जबाबदार ठरत नाही. मात्र त्याने योग्य कायदे केले पाहिजेत आणि त्यांची अंमलबजावणी दक्षतेने केली पाहिजे. ही दक्षता श्रीमंत आणि गरीब राष्ट्रांना सारखीच लागू आहे. तसे नसते तर कंपन्यांनी सर्वांत दुबळे शासन शोधून त्याचाच आश्रय घेतला असता. त्याच वर्षी नौरूच्या पुरस्कृत कंपनीला संशोधनाचा करार मिळाला आणि २०१५ साली नौरूने स्वतःचा कायदा केला.

जून २०२१ मध्ये नौरूने करारातील एका तरतुदीचा आधार घेऊन, खाणकामाची नियमावली दोन वर्षांत पूर्ण करावी अशी मागणी प्राधिकरणाकडे केली. ही मुदत जुलै २०२३ मध्ये संपली. जुलै २०२५ च्या अधिवेशनातही नियमावली पूर्ण होऊ शकली नव्हती. दरम्यान, एप्रिल २०२५ मध्ये नौरूच्या पुरस्कृत कंपनीचा मूळ उद्योगसमूह अमेरिकेच्या १९८० च्या कायद्याखाली त्या देशाकडे परवाना मागण्यास गेला. अमेरिका सागरी कराराची सदस्य नाही. कंपनीला दुसरे दार उघडे असते. पुरस्कर्त्या राष्ट्राला मात्र आपली जबाबदारी दुसऱ्या दारी नेता येत नाही.

पापुआ न्यू गिनी : भागीदारीची किंमत

पापुआ न्यू गिनीने आपल्याच हद्दीतील बिस्मार्क समुद्रात, सुमारे १,६०० मीटर खोलीवरील ‘सोलवारा १’ या साठ्यासाठी २०११ साली नॉटिलस मिनरल्स या कंपनीला खाणपट्टा दिला. सोलवारा म्हणजे तेथील बोलीत खारे पाणी. खोल समुद्रातील खाणकामासाठी मिळालेला जगातील हा पहिलाच पट्टा मानला जातो. २०१४ साली शासनाने सुमारे बारा कोटी डॉलर देऊन प्रकल्पात पंधरा टक्के हिस्सा घेतला. तळावर चालणारी प्रचंड यंत्रे बांधून तयार झाली. परंतु नौकेचे पैसे भागविता आले नाहीत आणि २०१९ साली कंपनी दिवाळखोरीत निघाली. एक टनही खनिज विक्रीस न जाता शासनाचा पैसा बुडाला.

हा साठा न्यू आयर्लंड बेटाच्या किनाऱ्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. तेथील काही गावांत नारळाच्या करवंट्यांचा आवाज करून शार्क माशाला होडीजवळ बोलावण्याची परंपरा आहे. आमच्या समुद्राविषयी आम्हाला विचारले कोणी, हा या गावांचा प्रश्न होता. किनाऱ्यावरील लोकांच्या विरोधामागे केवळ माशांची चिंता नव्हती; निर्णय राजधानीत झाला आणि परिणाम आपल्या दारी येणार, ही भावना त्यामागे होती.

कुक बेटे : सावध पावले

कुक बेटांनी आधी कायदा आणि मग परवाना असा क्रम ठेवला. समुद्रतळाच्या खनिजांसाठी स्वतंत्र कायदा त्यांनी २००९ मध्येच केला आणि २०१९ मध्ये त्याची नव्याने रचना केली. २०१७ च्या ‘मराए मोआना’ कायद्याने संपूर्ण सागरी क्षेत्राला संरक्षित क्षेत्राचा दर्जा दिला आणि प्रत्येक बेटाभोवती ५० सागरी मैलांच्या पट्ट्यात खाणकामास मनाई केली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तीन कंपन्यांना केवळ संशोधनाचे परवाने देण्यात आले.

तरीही अडचणी संपल्या नाहीत. तीनपैकी एका कंपनीत शासनाचीच भागीदारी आहे. म्हणजे परवाना देणारे आणि नफ्यात वाटा घेणारे शासन एकच. २०१९ साली मराए मोआनाच्या कार्यालयाच्या प्रमुखांनी खाणकाम काही वर्षे थांबवावे या मताला पाठिंबा दिल्यावर त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने धोक्याची सूचना द्यावयाची, त्याचेच पद सुरक्षित नसेल तर उत्तम कायदाही कागदावर राहतो. दुसरीकडे, पर्यटनावर अवलंबून असलेल्या या बेटांना कोविडच्या साथीत एकाच उत्पन्नावर विसंबण्याची किंमत कळली होती, हेही विसरून चालणार नाही. खनिजांकडे पाहण्यामागे त्यांची खरी गरज आहे.

पलाऊ, फिजी आणि सामोआ यांनी मात्र वेगळा मार्ग स्वीकारला. २०२२ साली लिस्बन येथील महासागर परिषदेत त्यांनी खोल समुद्रातील खाणकामाला विराम द्यावा, अशी भूमिका घेतली. प्रशांत महासागरातील अनेक राष्ट्रांचे मोठे उत्पन्न परदेशी नौकांना ट्यूना मासेमारीचे परवाने देण्यातून येते. मासा सीमा जाणत नाही आणि उडालेला गाळही जाणत नाही. त्यामुळे एका राष्ट्राच्या निर्णयाची झळ शेजाऱ्याला लागू शकते.

धोरणाचा क्रम

या तिन्ही अनुभवांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. खनिज किती आहे यापेक्षा निर्णयांचा क्रम कोणता आहे, यावर बेटांचे हित अवलंबून असते. प्रथम समुद्रतळाची स्वतंत्र पाहणी व्हावयास हवी. कंपनीने दिलेल्या माहितीवरच शासनाला विसंबावे लागले तर परवाना नाकारण्याचे बळ त्याच्यापाशी राहत नाही. नंतर नियंत्रण करणारे खाते आणि नफ्यात सहभागी होणारे खाते वेगळे असावयास हवे. तिसरे म्हणजे, शासनाने भांडवल गुंतवून जोखीम घेण्याऐवजी स्वामित्वधन घ्यावे आणि हानीच्या भरपाईची ठेव कंपनीकडून आधीच घ्यावी. चौथे, मिळालेला पैसा वार्षिक खर्चात न मिसळता निधीत जावा आणि त्याचा हिशेब जनतेला दिसावा. आणि या सर्वांच्या आधी किनाऱ्यावरील लोकांची संमती त्यांच्या भाषेत, पूर्ण माहिती देऊन घेतली जावी.

गोव्याला यातील निधीचा प्रश्न परका नाही. लोहखनिजाच्या खाणींविषयी एप्रिल २०१४ मध्ये दिलेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भाग भावी पिढ्यांच्या हितासाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. खाण सुरू झाल्यावर अनेक दशकांनी ही व्यवस्था आली. बेटराष्ट्रांना ती आरंभीच करण्याची संधी आहे. भारताच्या स्वतःच्या बेटांपुढेही हा विषय येऊन ठेपला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने समुद्रातील तेरा खनिज क्षेत्रांचा लिलाव जाहीर केला. त्यांतील सात क्षेत्रे ग्रेट निकोबारजवळील असून ती गोटे व कवचाच्या खनिजांसाठी आहेत.

लाखो वर्षांत तयार झालेले गोटे आणखी काही वर्षे तळाशी राहिल्याने नासणार नाहीत. कायदा करण्यास, पाहणी करण्यास आणि गावोगावी जाऊन विचारण्यास तेवढा अवधी पुरेसा आहे. नौरूच्या फॉस्फेटच्या वेळी हे विचारले गेले नव्हते. तेथील उजाड पठार आजही तसेच उभे आहे.