पट्ट्याचं टोक

विरार लोकलमध्ये सॅक पोटावर घेऊन शिरावं लागतं आणि मागचा सगळा रेटा तिच्या पट्ट्यांवर येतो. वसई रोडला अशाच एका सकाळी माझ्या सॅकचा पट्टा बकलातून सुळकन निसटला आणि डबा, चार्जर, कागद सगळं फलाटावर. हा पट्टा पावसाळ्याआधीच रस्त्यावरच्या एका कारागिराकडून बदलून घेतलेला. त्याने कात्रीने कापून दिला होता. ना टोक डागलं होतं, ना दुमडून शिवलं होतं. भिजून-घासून त्याच्या दशा निघाल्या, वीण उसवली आणि बकलाच्या दातांना धरायला काही उरलं नाही.

खाटेच्या सुती नवारीचे धागे खरखरीत, एकमेकांना धरून राहतात. नायलॉन-पॉलिस्टरचे गुळगुळीत. एक आडवा धागा निघाला की शेजारचा वाटच बघत असतो. म्हणून टोक वितळवून सांधायचं. पण बाजारात ‘नायलॉनचा पट्टा’ म्हणून मिळणारा स्वस्त माल पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन असतो. तो १६० ते १६५ अंशांनाच वितळतो. नायलॉनला साधारण २२० किंवा त्याहून जास्त लागतात, पॉलिस्टरला अडीचशेच्या वर. नायलॉनच्या अंदाजाने पॉलिप्रॉपिलीनला आच दिलीत तर टोकाचा गोळाच होतो. ओळखायची रीत सोपी आहे: साबणाच्या पाण्यात तुकडा बुडवून दाबा, आतली हवा जाऊ द्या. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात.

वालीव-गोखिवऱ्याकडच्या गाळ्यांत बॅगा शिवणारे तापल्या पात्यानेच पट्टा कापतात, कापणं आणि सांधणं एकदमच होतं. घरी कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळा, तिच्या मधोमध धारदार कात्री चालवा आणि आच देण्याआधी ती सोडवा. पट्टा बकलातून ओवायचा असेल तर तिरका कापा. मेणबत्ती नको, काजळी धरते. लायटरच्या ज्योतीच्या बाजूला, जरा अंतरावर टोक फिरवा. कड चकाकली की थांबा. लोभ इथेच नडतो. जास्त वितळलेल्या टोकाचा मणी बकलातून जात नाही आणि थंड झाला की त्याची धार तळहात सोलते. कड अजून मऊ असताना स्टीलच्या चमच्याच्या पाठीने चपटी करा. खिडकी उघडी ठेवा.

बोटाने मात्र दाबू नका. शेजारच्या एका मुलाने दाबलं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटला. असं झालं तर ओढून काढायचं नाही, नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं हात धरायचा आणि डॉक्टर गाठायचा.

डागल्याने दशा थांबतात, पट्टा निसटायचा थांबत नाही. त्यासाठी बकलातून ओवल्यावर टोक दोनदा दुमडून पॉलिस्टरच्या दोऱ्याने चौकोन आणि आत फुली अशी शिवण घाला. सुती दोरा दमट हवेत लवकर कुजतो. सुई वितळलेल्या कडेपासून दूर ठेवा, नाहीतर मोडते. सुताचं मिश्रण असलेला पट्टा वितळण्याऐवजी करपतो, तिथे नुसती दुमडच.

हे सगळं सॅक, पिशव्या, गाडीवर सामान बांधायचे पट्टे यांच्यापुरतं. चढाईचा हार्नेस, स्लिंग, मोटारीचा सीटबेल्ट यांना लायटर लावायचा नाही. हार्नेसची वीण उसवली तर तो बदलायचा आणि जुना दुसऱ्या कुणी उचलून वापरू नये म्हणून कापून टाकायचा.