भगर लाल का झाली?

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून मराठी खाद्यपदार्थांची ऑन्टॉलॉजी ‘प्रोटेजे’ या सॉफ्टवेअरमध्ये करते आहे. परवा रीझनर चालवला, तर ‘भगर-आमटी’ लाल झाली आणि तिच्या मागोमाग ‘एकादशीची थाळी’ धरून आणखी सात वर्ग लाल! मित्र म्हणाला, उपवासाची अट काढून टाक. काढली, तर लाली गेली. पण हे बरोबर आहे का? शिवाय साबुदाणा आपोआप ‘डाळ’ या वर्गात जाऊन बसला आहे, तो मात्र लाल नाही. हे काय गौडबंगाल आहे?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : अट आधी परत घाला. लाली गेली असली तरी घोळ जिथल्या तिथे आहे.

इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या गोष्टींचे वर्ग आणि त्यांच्यातली नाती यंत्राला कळतील अशा काटेकोर विधानांत मांडणं. त्यासाठीची ‘आऊल’ ही भाषा डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं २००४ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केली, २००९ मध्ये तिची दुसरी पिढी आली. रीझनर हा त्या विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्रॅम. त्यानं एखादा वर्ग लाल केला, याचा अर्थ त्या वर्गात एकही वस्तू असूच शकत नाही, हे त्यानं सिद्ध केलं. म्हणजे आज घरात भगर केलेली नाही असं नव्हे. तुमच्या विधानांनुसार त्रिभुवनात भगर-आमटी शिजूच शकत नाही.

लाल वर्ग आठ असले तरी रोग आठ नाहीत. थाळीत भगर असलीच पाहिजे असं तुम्ही लिहिलं असणार. भगर अशक्य ठरली की थाळीही अशक्य. म्हणून लाल वर्गांपैकी मूळ कोणता आणि मागून ओढले गेलेले कोणते, हे आधी ठरवायचं. मुळाशी गेल्यावर लाल वर्गाशेजारचं प्रश्नचिन्ह दाबा. विरोध घडवायला पुरेशी असलेली कमीत कमी विधानं प्रोटेजे समोर ठेवतं. तुमच्याकडे बहुधा ही चार निघतील : उपवासाच्या पदार्थात धान्य नसतं. वरी हे धान्य आहे. भगर-आमटीत वरी असते. भगर-आमटी उपवासाचा पदार्थ आहे.

यातलं कुठलंही एक काढलं तरी विरोध मिटतो. कुठलं काढायचं, हे मात्र रीझनर सांगू शकत नाही. त्याच्या लेखी चारही सारखीच. (कधी कधी एकाच वर्गाला असे दोन-तीन स्वतंत्र संच असतात. मग प्रत्येक संचातलं निदान एक विधान हलवावं लागतं. नाहीतर एक दुरुस्त करूनही लाली तशीच राहते आणि आपण आपल्याच दुरुस्तीवर संशय घेत बसतो.)

आता एकेक पाहू. तिसरं विधान काढलं तर वरीशिवाय भगर होईल. चौथं काढलं तर घरची वडीलधारी मंडळी तुम्हाला स्वयंपाकघरात फिरकू देणार नाहीत. दुसरं काढावं, तर वरी गवताच्या कुळातलं भरड धान्य आहे, वनस्पतिशास्त्र हटणार नाही. पहिलं अख्खं उडवलं, तुमच्या मित्रानं सुचवलं तसं, तर उद्या कुणी कांदेपोहे उपवासाच्या यादीत टाकले तरी रीझनर हूं की चूं करणार नाही.

माझ्या मते खोट पहिल्याच विधानात आहे, पण ते काढायचं नाही, नीट लिहायचं. ‘उपवासाला धान्य चालत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा ‘धान्य’ हा शब्द शेतकऱ्याच्या किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अर्थानं वापरत नसतो. गंमत पाहा, राजगिरा गवताच्या कुळातला नाही, म्हणून तुमच्या व्याख्येतून तो अलगद सुटला आणि बिचारी वरी पकडली गेली! एका शब्दाला दोन अर्थ आणि वर्ग मात्र एकच, हे अशा बहुतेक विरोधांचं मूळ असतं. तेव्हा ‘धान्य’ वनस्पतिशास्त्रापुरतं ठेवा आणि ‘उपवासाला वर्ज्य’ असा वेगळा वर्ग करून त्यात गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी, डाळी घाला. पहिलं विधान मग असं होईल : उपवासाच्या पदार्थात उपवासाला वर्ज्य काही नसतं.

इथेही थांबता येणार नाही. भेंडी? कोथिंबीर? जिरं? एका घरात चालतात, शेजारच्या घरात नाहीत. म्हणजे ‘चालणं’ हा एकट्या जिन्नसाचा गुण नव्हे. जिन्नस, उपवास आणि घराची रीत या तिघांतलं ते नातं आहे. प्रकल्पाला वेळ उरला असेल तर त्याचा वेगळा वर्ग करा. नसेल तर निदान एका घराची रीत धरली आहे, एवढं टिपणात लिहून ठेवा.

एक सावधगिरी. वर्ग लाल असताना त्यात प्रत्यक्ष वस्तू घालू नका. ‘काल आजीनं केलेली भगर’ अशी एक नोंद जरी टाकली, तर एक वर्ग रिकामा राहण्यापुरता प्रश्न उरत नाही, सगळी ऑन्टॉलॉजीच विसंगत होते. आणि विसंगत विधानांतून तर्काच्या नियमानं काहीही सिद्ध होतं, शेंगदाणा म्हणजे रेल्वेचं इंजिन हेसुद्धा. रीझनर अशा वेळी हात वर करतो.

आता साबुदाणा. ‘भिजवण्याचा वेळ’ या प्रॉपर्टीचा डोमेन तुम्ही ‘डाळ’ ठेवला असणार. डोमेन म्हणजे फक्त डाळीलाच हे लागू करा अशी ताकीद, असं बहुतेक नवशिक्यांना वाटतं. रीझनर तो उलटा वाचतो : ज्याला भिजवण्याचा वेळ आहे ती डाळ. साबुदाणा भिजतो, म्हणून तो डाळ. मँचेस्टर विद्यापीठाच्या प्रसिद्ध पिझ्झा ऑन्टॉलॉजीत हीच चूक शिकवण्यासाठी मुद्दाम ठेवली आहे. तिथे टॉपिंगचा डोमेन पिझ्झा आहे आणि आइस्क्रीमवर फळांचं टॉपिंग घातलं आहे. पिझ्झा आणि आइस्क्रीम परस्परवर्जी (एकातली वस्तू दुसऱ्यात असूच शकत नाही असे) जाहीर केलेले असल्यामुळे आइस्क्रीम लाल होतं. तुम्ही साबुदाणा आणि डाळ वेगळे असं कुठे सांगितलंच नाही, आणि न सांगितलेलं रीझनर गृहीत धरत नाही.

अशा मुक्या चुका मोठ्यांच्याही होतात. ‘स्नोमेड सीटी’ या वैद्यकीय संज्ञाकोशातून एकेकाळी ‘बोट कापणे’ हा ‘हात कापणे’ याचाच प्रकार आहे, असा निष्कर्ष निघत होता. त्याची भाषा जाणूनबुजून साधी ठेवलेली, तिच्यात नकाराला जागाच नाही, त्यामुळे लाल व्हायचीही सोय नाही. तीन लाखांहून अधिक विधानांतून दोषी सहा विधानं संशोधकांना खास पद्धतीनं हुडकावी लागली.

तुमच्याकडे ती सोय आहे. साबुदाणा आणि डाळ परस्परवर्जी करा आणि रीझनर पुन्हा चालवा. साबुदाणा लाल होईल; प्रश्नचिन्ह दाबलंत की डोमेनचं विधान समोर येईल. ते काढा आणि साबुदाण्याच्या खिचडीसह थाळी पुन्हा तपासा.