चूल घालणारे हात

तापीकाठचे सारंगखेडा म्हटले की दत्तजयंतीची यात्रा आणि तेथील घोडेबाजार डोळ्यांपुढे उभा राहतो. यात्रेची गजबज ओसरली की शहादा तालुक्यातील या परिसराचे जीवन पुन्हा शेतीभोवती फिरू लागते. कपाशीचा शेवटचा वेचा झाला की पऱ्हाट्या उपटून त्यांच्या मोळ्या घरामागे रचल्या जातात. त्यांच्या जोडीला तुराट्या, गोवऱ्या आणि मिळेल ते सरपण असते. वर्षाचे जळण ते हेच. ते गोळा करणे, वाहून आणणे आणि जाळणे ही तिन्ही कामे बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला येतात.

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर ग्रामीण घरांत गॅसची शेगडी मोठ्या प्रमाणावर पोचली. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात सुमारे ५९ टक्केच होती. ज्यांच्याकडे गॅस आहे अशा अनेक घरांतही भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. यास्तव चुलीचा विचार आजही अप्रस्तुत ठरत नाही.

धुराचा हिशेब

तीन दगडांच्या उघड्या चुलीत जळणातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला पोचतो. बाकीची उष्णता वाऱ्यावर जाते आणि अर्धवट जळलेले कण धुराच्या रूपाने घरात राहतात. शेजारच्या गुजरातेतील खेड्यांत कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच मोजयंत्रे लावून या धुराचे मापन केले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाने घरातील धुराकडे जगाचे लक्ष वेधले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरगुती धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्युमुखी पडली.

यावर उपाय शोधण्यात महाराष्ट्र मागे नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या कार्यातून ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये निर्धूर स्वयंपाकघराची कल्पना पुस्तकरूपाने मांडली. पुढे १९८३ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. पुण्यातून ‘लक्ष्मी’ ही दोन भांड्यांची, धुराड्याची चूल आणि ती एकाच मापाने घडवण्याचे साचे ग्रामीण भागात गेले.

चुली का मोडल्या?

केंद्राचा हा कार्यक्रम २००२ मध्ये संपला. तोपर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली दिल्या गेल्या होत्या. परंतु त्यांतील पुष्कळशा फार काळ वापरात राहिल्या नाहीत. उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या घाईत चुली बसवल्या गेल्या. धुराडे काजळीने तुंबले, तोंड फुटले, आणि दुरुस्त करणारे कोणी गावात उरले नव्हते. ओडिशातील सुमारे २,६०० कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासातही हेच आढळले. पहिल्या वर्षी स्त्रियांच्या श्वासातील धूर घटला, पण देखभालीअभावी पुढील वर्षांत तो लाभ नाहीसा झाला.

याउलट १९८०च्या सुमारास हरियाणातील नाडा या गावी मधू सरीन यांनी वेगळी वाट धरली. तेथे चुलीच्या रचनेत गावातील स्त्रियांचा सल्ला घेण्यात आला आणि स्त्रियांनाच चूल-मिस्त्री म्हणून शिकवण्यात आले. चूल घालणारी स्त्री शेजारीच राहत असल्याने तक्रार त्याच दिवशी तिच्या कानी जाई. सारंगखेड्यासारख्या गावात आज असे काम योजावयाचे झाल्यास प्रारंभ येथूनच झाला पाहिजे.

प्रशिक्षणात काय असावे?

चूल घालणे ही आपल्या स्त्रियांची परंपरागत कला आहे. माती मळणे, चुलीला वैल जोडणे आणि रोज पोतेरे फिरवणे हे त्यांना शिकवावे लागत नाही. नवीन शिकावयाचे ते माप. जळणाचे तोंड किती रुंद, भांडे आगीपासून किती उंच, चुलीतून वैलाकडे व तेथून धुराड्याकडे जाणारी वाट किती मोठी, यांवर सारी बचत अवलंबून असते. वाट अरुंद झाली की धूर उलटा घरात येतो. फार रुंद झाली की उष्णता धुराड्यातून निघून जाते. जाड लाकूड मावावे म्हणून तोंड फोडून मोठे केले तर चूल पुन्हा जुनीच होते. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थीच्या हाती खुणा केलेली मापकाठी द्यावी. अक्षरओळख नसली तरी ती काठी वाचता येते.

मातीचा धडाही स्थानिकच हवा. तापीखोऱ्यातील काळी माती वाळताना तडकते. तिच्यात वाळू, शेण व भुसा मिसळून नमुने वाळवून पाहावेत आणि न तडकणारे मिश्रण निवडावे. धुराडे छपरावर पुरेसे उंच न्यावे. ते गवत किंवा लाकूड यांना टेकू देऊ नये.

मुख्य म्हणजे प्रशिक्षकाने आधी ऐकावे. तव्यावरची भाकरी चुलीच्या तोंडाशी आरावर शेकली जाते; तेथे आर ओढण्यास जागा नसेल तर गृहिणी ती चूल स्वीकारणार नाही. खापरावरचे मांडे करावयाचे तर ठरावीक मापाच्या तोंडावर मोठे खापर बसत नाही. अशा स्वयंपाकासाठी अंगणातील वेगळी चूल राहू द्यावी. सणाच्या एका दिवसासाठी रोजची चूल फोडली जाऊ नये, एवढाच हेतू.

चुलीनंतरचे काम

ग्रामपंचायतीने प्रशिक्षित स्त्रियांना चूल घालण्याची मजुरी द्यावी, आणि सहा महिन्यांनी व वर्षाने होणाऱ्या तपासणीचीही मजुरी द्यावी. स्त्रियांचे कौशल्य फुकट मिळते हा समज या कामाला मारक ठरला आहे. बचत गटांकडे साचे व धुराड्याचे नळ ठेवल्यास दुरुस्ती सोपी होईल. अधिकाऱ्यांनी अहवालात बसवलेल्या चुलींबरोबरच वर्षानंतर पेटत असलेल्या चुलींचाही रकाना ठेवावा.

शिक्षकांसाठी यात एक उत्तम पाठ आहे. सारख्या वजनाच्या, सारख्या वाळलेल्या पऱ्हाट्या दोन्ही चुलींत जाळून सारखेच पाणी उकळावे आणि उरलेले जळण विद्यार्थ्यांना तोलावयास लावावे. तराजूचा निकाल मुले घरी सांगतील.

सुधारित चूल गॅसची जागा घेऊ शकत नाही. ती धूर कमी करते व उरलेला छपराबाहेर नेते, एवढेच तिचे सामर्थ्य. परंतु जोवर घरामागे पऱ्हाट्यांच्या मोळ्या रचल्या जात आहेत, तोवर हे सामर्थ्यही थोडके नव्हे. ते टिकवावयाचे तर चुलीबरोबर ती दुरुस्त करणारी स्त्रीही गावात हवी.