आंधळा क्लिक

पणदऱ्यात माझं झेरॉक्स-स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. एका संस्थेच्या जुन्या खतावण्या स्कॅन करायचं काम आलं. दर पानाला तीन क्लिक: स्कॅन, जतन, पुढचं पान. दोन दिवसांत मनगट भरून आलं. संगणकावर लिनक्स होतं, म्हणून माऊसचे क्लिक आपोआप करणारं एक्सडूटूल वापरून चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली आणि ती कंट्रोल-ऑल्ट-झेडला जोडली. पान ठेवायचं, बटणं दाबायची. स्वतःवरच खूश होतो!

तिसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. परत आल्यावर प्रोग्रॅम उघडला, तर त्याने पानांचे नंबर पुन्हा 1 पासून धरले. दर वेळी 'ही फाइल आहेच, पुसून नवी लिहू का?' अशी चौकट येत होती आणि माझा तिसरा क्लिक नेमका तिच्या 'होय'वर पडत होता. माझे डोळे खतावणीवर. संध्याकाळी फाइली मोजल्या तेव्हा कळलं, चाळीस पानं गेली. दोन रात्री जागून पुन्हा केली.

एक्सडूटूलच्या क्लिकला बटण दिसत नाही. डावीकडून इतके, वरून इतके पिक्सेल, एवढंच त्याला ठाऊक. म्हणून क्लिकआधी 'गेटॲक्टिव्हविंडो गेटविंडोनेम'ने समोरच्या खिडकीचं नाव तपासा. वेगळं निघालं तर स्क्रिप्ट तिथेच थांबवा. कीबोर्डची बटणं दाबून धरली तर एकीवर एक स्क्रिप्ट सुरू होऊ शकते, म्हणून एका वेळी एकच चालू देणारं 'एफलॉक' लावा. आणि बोट कंट्रोलवरून उचललं नसेल तर साधा क्लिक कंट्रोल-क्लिक होतो. यात माझा अर्धा दिवस गेला. 'क्लिअरमॉडिफायर्स' लिहिलं की भागतं.

उबुंटू लिनक्सने 21.04 पासून खिडक्या दाखवणारी वेलँड ही प्रणाली मूळ सेटिंग केली आहे. तिथे एक्सडूटूलचा क्लिक बऱ्याच खिडक्यांपर्यंत पोचतच नाही. 'वायडूटूल' हे तसंच दुसरं टूल चालतं, पण त्याला जादा परवानग्या द्याव्या लागतात.

खरं तर क्लिकच्या नादी लागण्याआधी तेच काम थेट आज्ञेने होतं का, ते बघायला हवं होतं. 'स्कॅनइमेज' या स्कॅन करणाऱ्या आज्ञेला बॅच आणि बॅच-प्रॉम्प्ट हे पर्याय दिले की ते दर पानाआधी थांबतं. पान ठेवा, एंटर दाबा. माऊस लागतच नाही. फक्त नंबर कुठून सुरू करायचे तो बॅच-स्टार्टचा आकडा नीट बघून द्या. तो चुकला तर ते विचारतसुद्धा नाही, जुनी फाइल पुसून मोकळं होतं.