छातीला शेक घेतले होते, आता काय तपासू?

प्रश्न : 17व्या वर्षी मला हॉजकिन्स लिम्फोमा झाला. केमो झाली, छातीला शेकही दिले. आता मी 34 वर्षांची, तब्येत ठणठणीत. पण शेकामुळे पुन्हा कॅन्सर होतो, असं मामी म्हणते. खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या बाबतीत मामींचं म्हणणं अगदीच चूक नाही. वाढत्या वयातल्या स्तनांच्या पेशी किरणांना हळव्या असतात. तिशीच्या आत छातीला शेक घेतलेल्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका म्हणूनच बराच वाढतो. तो साधारण 8 ते 10 वर्षांनी दिसू लागतो आणि पुढेही टिकून राहतो. साठीत शेक घेतलेल्या बाईला मात्र हा हिशेब लागू नाही, हे मामींना जरूर सांगा! आणि शेक घेतल्याचा पश्चात्ताप नको. त्या उपचारांनीच तुम्ही बऱ्या झालात.

चाळिशीची वाट पाहू नका. दरवर्षी मॅमोग्राफी आणि स्तनांचा एमआरआय, दोन्ही करा. तरुण वयात स्तन दाट असतात, नुसत्या मॅमोग्राफीत गाठ लपू शकते. डॉक्टरांकडून मानेतली थायरॉइडही तपासून घ्या. घरात मिश्री असेल तर ती बंद. जुनी फाइल शोधा. कुठल्या भागाला किती ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) दिले, ते त्यात लिहिलेलं असतं. नाही सापडली तर रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात अर्ज करा.